मुकाट्याने वाट पाहणारे

३१ जानेवारी २०२४ ला तेलंगणातल्या ग्रामपंचायतींची मुदत संपली आणि लगेच गावोगाव 'स्पेशल ऑफिसर' बसला. त्यानंतरच्या निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या सगळ्या काळात आदिलाबाद जिल्ह्यात बेल्यापासून उटनूरपर्यंत एकाही गावाला लोकांनी निवडलेला सरपंच नव्हता. एकेका अधिकाऱ्याच्या गळ्यात अनेक गावे. निवडून आलेली पंचायत नाही म्हणून वित्त आयोगाचा केंद्राकडून येणारा पैसाही अडकून राहिला. बोअरची मोटर जळाली, नाली तुंबली, पथदिवा गेला, तर जायचे कुणाकडे? पंचायत सेक्रेटरीकडे. तो म्हणणार, साहेबांची सही पाहिजे. आणि साहेब मंडलाला.

या काळात आमचे बाकी काही अडले नाही. गणपती बसले आणि उठले, भीमजयंतीला आणि शिवजयंतीला डीजे वाजले, केसलापूरला नागोबाच्या दोन जत्रा भरल्या, कापसाचा भाव पडला तेव्हा मार्केट यार्डापुढे ओरडाही झाला. गावाला सरपंच नाही म्हणून मात्र कुणाचा घास घशात अडकला नाही. राज्यकर्त्यांनी आमच्यावर अन्याय केला असे म्हणायला मी बसलेलो नाही. तो त्यांनी केलाच आहे. मला बोलायचे आहे ते आपल्याबद्दल. ज्याच्या घरातून एवढी मोठी वस्तू उचलून नेली आणि ज्याला जवळजवळ दोन वर्षे पत्ता लागला नाही, त्या घरमालकाबद्दल.

निवडणूक लांबली कशी, हे आधी नीट पाहू. राज्य सरकारने २०२४ च्या अखेरीस घरोघर जातिनिहाय सर्वेक्षण केले. मागासवर्गीयांचे प्रमाण ५६.३३ टक्के निघाले. त्याच्या आधारावर १७ मार्च २०२५ ला विधानसभेने दोन विधेयके मंजूर केली. एकाने शिक्षणात आणि नोकरीत, दुसऱ्याने गावच्या आणि शहराच्या स्थानिक संस्थांत मागासवर्गीयांना ४२ टक्के आरक्षण दिले. विधेयके राज्यपालांकडे गेली, तिथून राष्ट्रपतींकडे. जूनमध्ये उच्च न्यायालयाने बजावले की ३० सप्टेंबरच्या आत निवडणुका घ्या. ऑगस्टच्या शेवटी विधानसभेने पंचायत राज कायद्यातली पन्नास टक्क्यांची मर्यादा काढणारे आणखी एक विधेयक केले. त्यावरही सही आली नाही. तेव्हा सरकारने २६ सप्टेंबरला नुसता जी.ओ., म्हणजे सरकारी आदेश, काढून ४२ टक्के जाहीर केले. ९ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, १६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकून घेण्यास नकार दिला. अखेर जुन्याच पन्नास टक्क्यांच्या मर्यादेत मतदान झाले.

म्हणजे सरपंचही उशिरा मिळाला आणि ४२ टक्केही मिळाले नाहीत. पहिल्या वर्षभराच्या दिरंगाईचा दोष राजभवनाचा नव्हे, सरकारचाच. तेही लिहून ठेवले पाहिजे. पुढचा गुंता मात्र सहीपाशी झाला.

आता कुणी म्हणेल, आम्ही गप्प कुठे होतो? ४२ टक्क्यांसाठी १८ ऑक्टोबरला राज्यभर बंद झाला की. झाला. दुकाने बंद, बसडेपोचे फाटक बंद. पण त्या बंदला पाठिंबा कुणाचा होता ते आठवा. विधेयक मांडणारा सत्तापक्ष पाठिंबा देणार, विरोधी पक्ष पाठिंबा देणार, आणि दिल्लीत ज्यांचे सरकार आहे तो पक्षही पाठिंबा देणार. सगळेच बंद पाळणारे, मग बंद होता तरी कुणाविरुद्ध? ज्याच्याकडे जाब मागायचा तोच आपल्या खांद्याला खांदा लावून घोषणा देतोय आणि आपण त्याच्या गळ्यात हार घालतोय. असे आंदोलन करणाऱ्या समाजाला राजभवनाने का भ्यावे?

हा प्रकार पहिल्यांदा घडला असता तर भोळेपणा म्हणून सोडून देता आले असते. पण तीनच वर्षांपूर्वी याच राज्यात, याच विधानसभेची दहा विधेयके राज्यपाल तमिळिसाई सौंदरराजन यांच्या टेबलावर पडून होती. त्यांतली सात विधेयके सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेली, बाकीची तीन विधेयके फेब्रुवारी २०२३ मधली. त्यांत विद्यापीठांतल्या प्राध्यापक भरतीसाठी एकच मंडळ नेमणारे विधेयक होते, वनविद्यापीठाचे होते, पंचायत राज आणि नगरपालिका कायद्यांच्या दुरुस्त्या होत्या. आदिलाबादचा पोरगा ज्या कॉलेजात शिकतो त्याची दोरी वरंगलच्या काकतीय विद्यापीठाच्या हातात, आणि अशा विद्यापीठांतल्या रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न त्या कागदांत अडकलेला. शेवटी मार्च २०२३ मध्ये राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. कोर्टाची तारीख जवळ आली आणि राजभवनातली फाइल हलू लागली. काहींना संमती मिळाली, काही राष्ट्रपतींकडे रवाना झाली, काहींवर शंका काढल्या गेल्या. २४ एप्रिलला कोर्टात सांगण्यात आले की आता राज्यपालांकडे काही उरलेले नाही. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने प्रकरण मिटवले, आणि मिटवताना एवढे नोंदवून ठेवले की घटनेच्या २०० व्या अनुच्छेदातले 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द शोभेचे नाहीत, घटनात्मक पदावर बसलेल्याने ते ध्यानात ठेवले पाहिजेत.

महिनोन्महिने न हललेला कागद खटल्याची चाहूल लागताच हलला, यातच सगळे आले.

'शक्य तितक्या लवकर' या शब्दांना इतिहास आहे. राष्ट्रपतींच्या संमतीविषयीच्या मसुद्यात आधी विधेयक परत पाठवायला सहा आठवड्यांची मुदत लिहिलेली होती. मे १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली की सहा आठवड्यांच्या जागी 'शक्य तितक्या लवकर' असे घाला. हरी विष्णू कामत हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे आमच्या पैनगंगेपलीकडल्या मुलखातून, समितीवर गेलेले सभासद. त्यांनी आक्षेप घेतला की हे शब्द फार मोघम आहेत. दुरुस्ती मंजूर झाली. तिचा सरळ अर्थ असा की सहा आठवडे लिहिले तर माणूस एकेचाळीस दिवस खुशाल बसून राहतो, शक्य तितक्या लवकर म्हटले तर आजच हात घालावा लागतो. बाबासाहेबांनी तो शब्द घालताना समोर धरला होता लाज बाळगणारा राज्यकर्ता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १९३५ च्या इंग्रजी कायद्यात गव्हर्नराने विधेयकाला संमती द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडलेले होते. आपल्या घटनेने 'मर्जीनुसार' हा भागच काढून टाकला. राज्यपालाला स्वतःच्या बळावर करायचे असे काम नाही, त्याला कर्तव्ये आहेत, हे आंबेडकरांनी त्या सभागृहात बजावून सांगितले होते. घटनेतून मर्जी हाकलली. आपल्या डोक्यातून ती गेली का?

नाही गेली. हा मुलूख निजामाचा. फर्मान सुटले की कायदा झाला, आणि फर्मान सुटेपर्यंत रयतेने देवडीपाशी उभे राहायचे. जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी कोमराम भीम जोडेघाटला १९४० मध्ये गोळीला बळी पडला, कारण तो देवडीपाशी उभा राहिला नाही. त्याचे पुतळे आम्ही चौकाचौकात उभारले. त्याच्यासारखे वागणे मात्र पुतळ्यांवर सोपवून दिले. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ आले, त्यांनी नागोबाच्या जत्रेत दरबार भरवण्याची पद्धत घातली. हेतू चांगला होता: सरकारी अधिकाऱ्याने डोंगरातल्या माणसापर्यंत यावे. आज ऐंशी वर्षांनीही तो दरबार भरतो, मंत्री येतात, कलेक्टर येतो, आणि आम्ही ओळीत उभे राहून अर्ज देतो. सोमवारी कलेक्टरेटला 'प्रजावाणी' असते, तिथेही अर्ज. पेन्शनचा अर्ज, पट्ट्याचा अर्ज, घरकुलाचा अर्ज. अर्ज देण्यात कमीपणा नाही, गरिबाला तो द्यावाच लागतो. पण ज्या समाजाला अर्जापलीकडची भाषाच येत नाही, त्याला कायदा ही आपण केलेली वस्तू आहे हे कळणार कसे? वरून आले तर देवाची कृपा, नाही आले तर नशीब. राज्यपालाने सही केली नाही तर आम्हाला त्यात आमचा अपमान दिसत नाही. साहेबांना वेळ नसेल, असे वाटते.

खरे तर अपमान कुणाचा झाला? विधेयक विधानसभेने केलेले असते. विधानसभा म्हणजे ११९ माणसे आणि त्या प्रत्येकाच्या मागे हजारो मते. राज्यपालाने 'नाही' म्हटले तर ठीक. त्यालाही रीत आहे. कारणे लिहून विधेयक परत पाठवायचे, सभागृहाने पुन्हा मंजूर केले की संमती रोखता येत नाही. पण 'हो' नाही, 'नाही' नाही, नुसते खिशात घालून बसायचे, म्हणजे आमदाराने दिलेले मत फाडून टाकायचे, तेही फाडल्याचा आवाज न करता. मग ज्याचे मत फाडले गेले त्याने कोर्टाची पायरी चढू नये का?

अमेरिकेत हा प्रश्न एका सभासदाने एकट्याने विचारला. डिसेंबर १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नाताळच्या सुट्टीचा फायदा घेऊन कुटुंबवैद्यांच्या शिक्षणाला मदत देणारे विधेयक खिशात घातले. सिनेटर एडवर्ड केनेडी कोर्टात गेले, स्वतः उभे राहून युक्तिवाद केला, आणि १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मान्य केले की सभासदाच्या मतावर घाला आला असेल तर दाद मागण्याचा हक्क त्याला आहे. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे दार बरेच आवळले, तो भाग वेगळा. फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हेच सांगितले: अध्यक्षाच्या नकाराधिकाराला लोकप्रतिनिधी स्वतः आव्हान देऊ शकतो. आपल्याकडे तेलंगण, पंजाब, तामिळनाडू या खटल्यांत वादी म्हणून नाव राज्य सरकारचे. केरळच्या २०२३ च्या याचिकेत सरकारच्या जोडीला एका आमदाराचेही नाव होते. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही.

आणि ज्याला महाराष्ट्र म्हणून आपण मान वर करून पाहतो, तिथे काय झाले? नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावांची शिफारस राज्यपाल कोश्यारी यांच्याकडे पाठवली. यादी राजभवनात गेली ती गेलीच. जिथे घराघरात राजकारण बोलले जाते त्या राज्यात कोर्टात कोण गेले? नाशिकचा एक साधा नागरिक. १३ ऑगस्ट २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की राज्यपालाला हुकूम देता येत नसला तरी ठरावीक काळात होकार किंवा नकार कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि आठ महिने हा पुरेसा काळ होता. विधानसभेत २८८ जण बसतात, त्यांचे काम नाशिकच्या एकाने केले. तो निकाल वाचून महाराष्ट्राने काय केले? राज्यपालांच्या टोपीवर आणि भाषणांवर विनोद केले. विनोद करणे हा आपल्या समाजाचा आवडता प्रतिकार आहे. त्यात कुणाचे काही जात नाही.

आपले आमदार कोर्टाला घाबरतात म्हणून जात नाहीत, असेही म्हणता येत नाही. निर्मल २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. तिथले आमदार आलेटी महेश्वर रेड्डी उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. इतर काही आमदारही गेले. कारण हे की पक्ष बदललेल्या आमदारांच्या अपात्रतेच्या अर्जांवर विधानसभेचे अध्यक्ष निर्णयच देत नव्हते. ३१ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली. पाहा, रोग एकच: घटनेने दिलेल्या खुर्चीत बसायचे आणि निर्णयाचा कागद मांडीखाली दाबून ठेवायचा. राज्यपालांच्या दिरंगाईबद्दल गळा काढणाऱ्या त्याच विधानसभेच्या अध्यक्षांनी तेच केले. आणि औषधही एकच: कोर्ट. तिथे आमदार धावला, कारण प्रश्न खुर्च्यांचा होता. आसिफाबादच्या मतदारांनी २०१८ मध्ये काँग्रेसचा म्हणून आमदार निवडला, तो २०१९ मध्ये सत्तापक्षात गेला. त्या मतदारांनी तरी त्याला कोणत्या चौकात अडवून विचारले? जो समाज आपले मत विकले गेल्यावर हसून म्हणतो की राजकारणात चालायचेच, त्याच्यासाठी कुठला आमदार कोर्टाच्या पायऱ्या चढेल?

आम्ही अडाणी आहोत म्हणून हे होते, अशी सबब पुढे येईल. ती मला मान्य नाही. आपल्या जातीचा अमुक यादीत समावेश व्हावा हा कागद हैदराबादेत कोणत्या सेक्शनला आहे, दिल्लीला कधी गेला, कोणत्या मंत्रालयात अडला, हे आमच्या गावातल्या बारावी झालेल्या पोराला तोंडपाठ असते. त्यासाठी वर्गणी निघते, जीप भरून माणसे जातात, निवेदनाचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर फिरतो. तो हक्क त्यांनी मागावाच. पण सगळ्यांच्या विधेयकाचा कागद कुठे आहे, हे एकालाही माहीत नसते. सगळ्यांचे म्हणजे कुणाचेच नाही. कुणबी आपले पाहतो, माळी आपले, आंध आपले, लंबाडा आणि गोंड एकमेकांकडे पाठ करून आपापले. समाज म्हणून उभा राहील असा इथे उरलाच कोण? राजभवनात बसलेल्या माणसाला हे पक्के ठाऊक असते. त्याची हिंमत त्याच्या अधिकारात कमी आणि आपल्या फुटीत जास्त आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त बोचणारी. कारण न देता अडवून धरण्याची ही कला राजभवनाने शोधलेली नाही. ती आपण घरोघर चालवतो. मुलगी नर्सिंगला जायचे म्हणते. बाप हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, 'बघू' म्हणतो, आणि अॅडमिशनची तारीख निघून जाते. दुसऱ्या जातीत लग्न ठरवलेल्या पोराला जातीचे पंच महिनोन्महिने बैठकीला बोलावत राहतात, निर्णय देत नाहीत, तोवर मुलीचे दुसरीकडे उरकून टाकले जाते. महिला राखीव गावात सरपंचाचा शिक्का नवऱ्याच्या खिशात असतो. बाई निवडून आली, ठरावाला हात वर केला, पण नवऱ्याची मान हलल्याशिवाय चेकवर सही होत नाही. तिचा राज्यपाल घरात बसलेला आहे, आणि त्याच्याविरुद्ध तिने कुठल्या कोर्टात जायचे? डिसेंबरात निवडून आलेल्या किती बायकांच्या विजयाच्या बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा होता, तो आपल्या गावात मोजून पाहा. ज्याला घरात अशा खिशातल्या नकाराची लाज वाटत नाही, त्याला हैदराबादच्या नकाराचा राग येईल कसा?

आदिलाबादच्या माणसाने राज्यपालाच्या लेखणीबद्दल बोलताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते अर्धसत्य होईल. आमचा अर्धाअधिक डोंगरी मुलूख घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. तिथे राज्यपालाला खास अधिकार आहेत. विधानसभेचा एखादा कायदा इथे लागू करू नये असे तो ठरवू शकतो, आणि आदिवासींच्या जमिनीच्या रक्षणासाठी राष्ट्रपतींच्या संमतीने स्वतः विनियम करू शकतो. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेता येणार नाही असे सांगणारा १९५९ चा विनियम आणि त्याला धार देणारी १९७० ची दुरुस्ती, ज्याला इथे सगळे 'वन सेव्हंटी' म्हणतात, ही विधानसभेची देणगी नव्हे. ती राज्यपालाच्या लेखणीतून आली. या मुलखात गोंड-कोलामांच्या नावावर जी काही जमीन शिल्लक आहे, ती पुष्कळशी त्याच लेखणीमुळे.

मग तो कायदा मोडला कुणी? राजभवनाने? नांदेड, परभणी, यवतमाळकडून आलेल्या आपल्याच माणसांनी, किनाऱ्याकडल्या तेलुगू सावकारांनी, ज्याला जसे जमले तसे. कोऱ्या कागदावर अंगठा, गड्याच्या नावावर खरेदी, बटाईच्या नावाखाली ताबा. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीला जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारच्या हिशेबाने तेरा मेले. लोक आकडा याहून पुष्कळ मोठा सांगतात. मराठी बोलणाऱ्या आमच्या वस्त्यांत त्या दिवसाबद्दल किती बोलले जाते? आपल्या फायद्याचा कायदा सहीविना अडला की आपण लोकशाहीचे नाव घेतो. दुसऱ्याच्या रक्षणाचा कायदा सही होऊनही मोडला की आपण तलाठ्याला चहा पाजतो. राज्यपाल घटना पायदळी तुडवतो म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या सातबाऱ्याकडे, इथल्या भाषेत पहाणीकडे, एकदा पाहावे.

राज्यपालाच्या त्याच लेखणीने एकदा आदिवासी भागातल्या शाळांत शंभर टक्के शिक्षक स्थानिक आदिवासीच असावेत असा आदेश दिला होता, जानेवारी २००० चा जी.ओ. ३. गोंडीत आणि कोलामीत बोलणाऱ्या पोराला त्याची भाषा समजणारा मास्तर मिळावा, आणि मास्तर रोज शाळेत दिसावा, हा हेतू. २२ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो रद्द केला: शंभर टक्के हे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, आणि राज्यपालाचा अधिकार मूलभूत हक्कांपलीकडे जात नाही. निकालाशी कुणी सहमत असो-नसो, त्यातून एक गोष्ट पक्की झाली, की राज्यपालाची लेखणी कोर्टाच्या तपासणीबाहेर नाही. ती चालली तेव्हा तिला जाब विचारला गेला. मग ती थांबून राहते तेव्हा विचारायला अडचण कसली?

अडचण कमी झालेली आहे, पण संपलेली नाही. ८ एप्रिल २०२५ ला तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने राज्यपालांना एक महिना, तीन महिने अशा मुदती घालून दिल्या आणि अडकलेली दहा विधेयके मंजूर झाली असे धरून टाकले. मेमध्ये राष्ट्रपतींनी चौदा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने मत दिले: कोर्ट अशा मुदती घालू शकत नाही, सही झाली असे मानूनही घेऊ शकत नाही. पण विधेयक परत न पाठवता नुसते दाबून ठेवणे राज्यपालाला करता येणार नाही. आणि कारण न देता लांबलचक गप्प बसला तर निर्णय घ्या एवढे सांगण्यापुरता कोर्टाचा हात पोचेल.

म्हणजे दारावर कुलूप नाही, पण कुणीतरी ठोठावल्याशिवाय ते उघडणारही नाही. मुदतच नाही म्हटल्यावर लांबलचक म्हणजे किती, हे प्रत्येक वेळी कोर्टात जाऊन भांडून ठरवावे लागेल. सरकार जाईलच असे नाही. दिल्ली आणि हैदराबाद एकाच पक्षाच्या हाती आले की कोणते सरकार आपल्याच माणसाविरुद्ध याचिका करील? त्या दिवशी आमदाराचा हक्कच तेवढा उरेल, आणि आमदाराने कच खाल्ली तर नागरिकाचा.

आदिलाबाद जिल्ह्याला चार आमदार लाभतात: आदिलाबादचा, बोथचा, आणि जिल्ह्याचे काही मंडल ज्यांच्या मतदारसंघात येतात ते खानापूर आणि आसिफाबादचे. २०२३ मध्ये लोकांनी या चार जागांवर तीन वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार निवडले. तेव्हा अमुक पक्षामुळे अडले ही पळवाट कुणालाच नाही. पुढच्या अधिवेशनाआधी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून या चौघांना तीनच गोष्टी विचाराव्यात. विधानसभेने मंजूर केलेली कोणती विधेयके आज सहीविना आहेत, किती दिवसांपासून? त्याबद्दल तुम्ही सभागृहात कोणत्या तारखेला प्रश्न विचारला? आणि याचिका करायची वेळ आली तर वकीलपत्रावर तुम्ही सही करणार की नाही? उत्तर लेखी घ्यावे आणि पंचायतीच्या भिंतीवर लावावे. चौथा प्रश्न ग्रामसभेने स्वतःला विचारावा: आमदार नाही म्हणाला तर गावाच्या नावाने कोण जाईल? खर्चाचे कुणी सांगू नये. गल्लीतल्या गणपतीच्या डीजेची वर्गणी आठ दिवसांत जमते.